मुरबाड-शहापूरच्या वाटेवर पावलांची शिकवणी

कल्याण मागे पडले की ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात शिरणाऱ्या दोन वाटा फुटतात. लोहमार्ग आणि मुंबई-आग्रा महामार्ग शहापूर तालुक्यातून कसाऱ्याच्या घाटाकडे चढत जातात. दुसरी वाट नगरच्या रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरवरील मुरबाड गाठते आणि पुढे माळशेज घाटाला भिडते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांतील शहापूर आणि मुरबाड यांनी डोंगर, भातखाचरे, धरणे आणि आदिवासी पाडे ही जिल्ह्याची जुनी ओळख आजही सांभाळली आहे. मुंबईकरांच्या घरी येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा या जलाशयांतून जातो. आसनगाव स्थानकाजवळ माहुलीचा किल्ला उभा आहे, आणि त्याच परिसरातील मानस मंदिराच्या दर्शनासाठी दूरदूरची जैन कुटुंबे या भागात येत असतात.

या दोन्ही तालुक्यांच्या बाजारपेठांत व्यापारी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. व्यापाराचे या भूमीशी असलेले नाते तर त्याहून फार प्राचीन आहे. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावापासून नाणेघाटाची पायवाट वर चढते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल सातवाहनांच्या काळी याच वाटेने जुन्नरकडे आणि तेथून पैठणकडे जात असे. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला भला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत असत, अशी लोकपरंपरा सांगते. जवळच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यात कोरलेले अंक भारतीय अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत गणले जातात. आकडेमोडीवर जगणाऱ्या समाजाने एकदा तरी पाहावे असे हे ठिकाण आहे. मात्र तेथे उभे राहिल्यावर आणखी एक विचार मनात येतो. त्या काळचा व्यापारी घाट चढत होता, बैलांच्या तांड्याबरोबर चालत होता. आजचा व्यापारी सकाळी नऊ वाजता गादीवर बसतो आणि रात्री नऊ वाजता उठतो.

मुरबाडच्या बाजारपेठेतील एका घरात हाच विचार एके दिवशी डॉक्टरांनी बोलून दाखविला. घरचे शेठजी चौसष्ट वर्षांचे. देरासराच्या पायऱ्या उतरताना त्यांचा तोल गेला. दैव बलवत्तर म्हणून हाड मोडले नाही. पण पायरीची भीती मनात बसली. कठडा दिसल्याशिवाय पाऊल उचलेना. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितले, की गुडघ्याची झीज वयाप्रमाणे आहे, खरी उणीव पायांतील बळाची आणि तोलाची आहे. "औषध मी देईन, शेठजी, पण पाय तुम्हालाच हलवावे लागतील."

त्याच घरातील पंधरा वर्षांची नात दर शनिवारी कल्याणला 'लिरिकल डान्स' शिकण्यास जात असे. तिच्या या छंदाकडे शेठजी फारशा कौतुकाने पाहत नव्हते. "पेढीवर बसणाऱ्यांच्या घरात हे नाचणे कशाला?" असे ते म्हणत. तेव्हा आजीबाई शांतपणे उत्तर देत, "राजप्रश्नीय सूत्रात सूर्याभदेवाने भगवान महावीरांसमोर बत्तीस प्रकारचे नाट्य केले, ते तुम्हीच व्याख्यानात ऐकले ना? सत्तरभेदी पूजेत नृत्याचीही पूजा आहे." यावर शेठजी वर्तमानपत्र उघडत.

लिरिकल डान्स म्हणजे गीताच्या आश्रयाने चालणारे नृत्य. बॅले आणि जॅझ या दोन पाश्चात्त्य नृत्यपद्धतींच्या मिश्रणातून ते घडले. बॅलेचा उगम इटलीच्या दरबारांत झाला आणि त्याला शिस्त लागली ती फ्रान्समध्ये. तेथे चौदाव्या लुईने १६६१ साली राजनृत्यसंस्था स्थापिली. म्हणूनच या नृत्यातील मूलभूत हालचालींची नावे आजही फ्रेंच आहेत. बॅलेत आकृतीच्या शुद्धतेला महत्त्व असते आणि जॅझमध्ये ठेक्याला. लिरिकल नृत्यात या दोहोंचा आधार घेऊन गाण्याचा अर्थ आणि भाव शरीराने सांगावयाचा असतो. शब्द लांबला तर हात लांबतो, सूर थांबला तर पाऊल थांबते. नातीचे म्हणणे एवढेच, "दादाजी, आधी गाणे ऐकायचे, मग हलायचे." शेठजींना त्यात विशेष काही वाटले नाही. ते वाटण्यासाठी भाद्रपद उजाडावा लागला.

संवत्सरी झाली, परस्परांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून झाले आणि पाठोपाठ गौरींचे दिवस आले. चातुर्मासात दूरचा प्रवास टाळणारे हे घर त्या दिवशी फक्त शहापूरपर्यंत, लेकीच्या घरी निघाले. मुरबाडहून सरळगाव, तेथून किन्हवली आणि पुढे शहापूर असा हा रस्ता आहे. भाद्रपदात तो विशेष देखणा असतो. दोन्ही बाजूंना पोटरीला आलेले भात, बांधावर तेरड्याची फुले, मागे ढगांत बुडालेली सह्याद्रीची रांग आणि मधूनच एखादा भरून वाहणारा ओहोळ. सूर्यास्तापूर्वी शिदोरी सोडून जेवणे आटोपली होती. किन्हवलीच्या अलीकडे ठाकरांच्या एका पाड्यावरून ढोल ऐकू आला आणि नातीने गाडी थांबवावयास लावली.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली या जमातींची वस्ती आहे. प्रत्येकीचे नाचणे वेगळे. उत्तरेकडे, वाडा-मोखाड्याच्या बाजूला सरकावे तसतसा वारल्यांचा तारपा भेटू लागतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचा कर्णा आणि जोडांना मेण, एवढ्यावर ते वाद्य घडते. भातकापणीच्या सुमारास तारपकरी मध्ये उभा राहतो आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून स्त्री-पुरुषांची साखळी त्याच्याभोवती फिरते. सूर बदलला की सर्वांची पावले बदलतात. पद्मश्रीने २०११ साली गौरविलेले जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून हीच सर्पिल साखळी जगभर पोहोचली. ठाकरांकडे ढोल प्रमुख. गौरीच्या दिवसांत त्यांच्या अंगणांत स्त्रियांचे फेर आणि पुरुषांचे नाच रंगतात.

अंगणात पाहुण्यांसाठी घोंगडी अंथरली गेली. पुरुषांची रांग एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून वर्तुळाकार सरकत होती. एकजण गाण्याची ओळ म्हणे, बाकीचे ती उचलीत. पलीकडे स्त्रियांचा फेर होता. तेथेही एक बाजू गाई आणि दुसरी उत्तर देई. नात क्षणभर बाजूला उभी राहिली, परवानगी विचारली आणि फेरात शिरली. पहिल्या दोन फेऱ्यांत तिची पावले चुकली. कल्याणच्या वर्गात पुढे आरसा असतो. येथे आरसा नव्हता. शेजारच्या आजीने हात घट्ट धरून म्हटले, "खाली नको बघू बाय, गानं ऐक." तिसऱ्या फेरीला पाऊल जुळले. वर्गातील पहिला धडा आणि अंगणातील पहिला धडा एकच निघाला.

शेठजी घोंगडीवरून उठून मांडवाच्या मेढीला धरून उभे होते. ढोलाच्या प्रत्येक घावाला त्यांच्या टाचा किंचित उचलल्या जात होत्या. ते त्यांच्या ध्यानात नव्हते; नातीच्या मात्र आले.

परतल्यावर तिने आजोबांची शिकवणी सुरू केली. आरंभी हालचाल अशी नव्हतीच. उभे राहावयाचे. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, भार दोन्ही पायांवर सारखा, खांदे सैल, मान सरळ, श्वास मोकळा. "हा तर कायोत्सर्ग झाला," शेठजी म्हणाले. कायोत्सर्गाचा हेतू देहाची ममता सोडण्याचा आणि याचा हेतू देह सांभाळण्याचा. हेतू निराळे असले तरी उभे राहण्याची समज तीच, आणि ती त्यांच्यापाशी आधीपासूनच होती.

दुसरा धडा गुडघे वाकविण्याचा. बॅलेत याला 'प्लिए' म्हणतात. टाचा न उचलता, पाठ न झुकवता, गुडघे पायांच्या बोटांच्या दिशेने हळूहळू वाकवावयाचे आणि तितक्याच हळू सरळ करावयाचे. यात मांडीचे स्नायू गुडघ्यावरचा भार वाटून घेण्यास शिकतात. पाड्यावरच्या नाचात प्रत्येक पावलागणिक गुडघा असाच मऊ वाकतो. ताठ गुडघ्याने नाचणारा तेथे एकही नव्हता. तिसरा धडा टाचा उचलण्याचा, म्हणजे 'रेलेव्हे'चा. प्रथम जड खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून, मग एका हाताने, मग बोटाच्या आधाराने. पोटरीचे स्नायू आवळले गेले की पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. दिवसभर पाय खाली सोडून किंवा मांडी घालून बसणाऱ्याच्या पायांना जडपणा येतो, तो याने उतरण्यास मदत होते.

चौथा धडा भार बदलण्याचा. एक पाऊल जमिनीवरून सरकवत पुढे ताणावयाचे, परत आणावयाचे, हा 'तांद्यू'. तेच पाऊल पुढे टाकून दुसरे त्याच्यामागे सरकवत न्यावयाचे, हा 'शासे'. माणूस पडतो तो बहुधा भार एका पायावरून दुसऱ्यावर जाताना. म्हणून तोल सुधारण्यासाठी हाच धडा सर्वांत उपयोगी. पाऊल कोठे पडते आहे याचे भान ठेवून चालणे, याला आपल्याकडे ईर्या समिती म्हटले आहे. जीवरक्षणासाठी सांगितलेली ती जागरूकता स्वतःच्या हाडांचेही रक्षण करते, हे आजीबाईंनी हसत सांगितले. शेवटचा धडा श्वासाचा आणि हाताचा. ओळ सुरू होताना श्वास आत, हात वर. ओळ संपताना श्वास बाहेर, हात खाली. घरात शेठजींच्या आवडीची संथ स्तवने होती. त्यांवरच ही शिकवणी चालली.

सूर्यास्तापूर्वी जेवण झालेल्या घराला या व्यायामासाठी एक मोठी सोय असते. रात्री साडेआठपर्यंत पोट हलके झालेले असते आणि वेळही मोकळा असतो. शेठजींनी वीस मिनिटांपासून आरंभ केला.

आरोग्याचा हिशोब येथे नीट मांडला पाहिजे. प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पासष्टीपुढील व्यक्तींनी त्याखेरीज आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि बळ वाढविणाऱ्या हालचाली कराव्यात, असेही तिचे सांगणे आहे. रोजची वीस-पंचवीस मिनिटे नृत्याला दिली तर ही दोन्ही खाती एकाच वेळी भरतात. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे. हालचाल करताना बोलता यावे. पण गाता येऊ नये. पाड्यावरच्या फेरात या खुणेची सोय गाण्याच्या रचनेतच आहे. एक बाजू गाते तेव्हा दुसरीला दम घेता येतो. म्हणूनच फेर तासन्‌तास चालू शकतो.

उभ्याने, स्वतःचा भार पेलत केलेली हालचाल हाडांना उपकारक असते. चालण्या-नाचण्याने रक्तातील साखर स्नायूंत वापरली जाते. नृत्यात गाणे ऐकणे, क्रम लक्षात ठेवणे आणि शेजाऱ्याशी जुळवून घेणे ही कामे बुद्धीला एकाच वेळी करावी लागतात. न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा काही वर्षे मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. शारीरिक हालचालींपैकी हा संबंध केवळ नृत्याच्या बाबतीत दिसला. अर्थात, नृत्यामुळेच स्मृती टिकली असे यावरून सिद्ध होत नाही. स्मृती शाबूत असणारेच अधिक नाचत असतील, हेही संभवते. तरीही संकेत दुर्लक्षिण्यासारखा नाही.

काही पथ्ये मात्र पाळावीच लागतात. हृदयविकार, चक्कर, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया किंवा ठिसूळ हाडे असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय आरंभ करू नये. मधुमेहाने तळपायांची संवेदना कमी झाली असल्यास अनवाणी नाचू नये. गुळगुळीत लादीवर मोजे घालून उभे राहणे सर्वांनीच टाळावे. उडी आणि वेगाची गिरकी तरुणांसाठी ठेवावी. गुडघ्यात तीव्र कळ आली तर त्या दिवशी थांबावे. नव्याने शिकणाऱ्या पोत्याला दुसऱ्याच दिवशी क्विंटलचा भार पेलत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

शेठजींच्या मनात मात्र दुसरेच काही घोळत होते. मेढीला धरून उभे असताना एक वृद्ध नाचणारा जवळ आला होता. त्याने शेठजींना ओळखले, त्यांच्या वडिलांनाही नावाने ओळखले. त्याच्या बापाचे नाव या घराच्या जुन्या वहीत होते. पावसाळ्यात नेलेले दाणे, दिवाळीनंतर फेडावयाचे भात, आणि मध्ये चढत जाणारे व्याज. ठाणे जिल्ह्याच्या या भागात सावकार आणि आदिवासी यांचे नाते वहीतून चालत आले आणि ते नेहमीच निर्मळ नव्हते. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेथून वेठबिगारीविरुद्धचा वारल्यांचा लढा पेटला आणि गोदावरी परुळेकरांनी तो गावोगाव नेला. त्याची झळ जमीनदार-सावकारांच्या अनेक घरांना लागली, आणि लागावयासच हवी होती. संवत्सरीला नातलगांना, व्यापाऱ्यांना, दिसावरच्या पेढ्यांना क्षमापनेची पत्रे जात. वहीतल्या या नावांना कधी गेली नव्हती.

वृद्धाने त्यातले काहीच काढले नाही. तो इतकेच म्हणाला, "शेठ, मेढ सोडा. आमी हाव ना बाजूला."

शेठजींनी त्या रात्री मेढ सोडली नाही. गाडीत बसल्यावर बराच वेळ ते गप्प होते.

या नाचांचे दिवसही आता मोजके राहिले आहेत. दिवाळी सरली की अनेक पाडे रिकामे होतात. कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, काही बांधकामांवर, आणि पावसाच्या तोंडावर परततात. जो काही महिने गावात नसतो त्याच्या मुलाला गाण्याच्या ओळी कोण शिकविणार? उत्सवांत ध्वनिक्षेपकाचा गोंगाट शिरला, तसा एकाने म्हणावे आणि बाकीच्यांनी उचलावे हा क्रम अनेक ठिकाणी मोडला. लग्नसमारंभात शोभेसाठी नाचणाऱ्यांना बोलाविण्याची नवी पद्धत रुजते आहे. तिच्यात कलावंताला मोबदला मिळतो, तो योग्य मिळावा. पण पाहुणे खुर्च्यांवर आणि नाचणारे मांडवाबाहेर, हे अंतर तसेच राहते. गाणे ऐकून, विचारून, हात धरून शिकणे ही निराळी गोष्ट आहे.

पाहावयास जाणाऱ्यांनी भाद्रपदातील गौरीचे दिवस किंवा भातकापणीचा हंगाम निवडावा. आसनगाव स्थानकावरून शहापूर जवळच आहे आणि तेथून किन्हवली व डोळखांबकडे रस्ते जातात. मुरबाडला कल्याणहून एस. टी. ने जाता येते. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे खांबलिंगेश्वराची मोठी यात्रा भरते. घोंगड्यांची आणि गुरांची तेथली बाजारपेठ व्यापारी मनाला भुरळ घालणारी आहे. पाड्यावर जाताना ओळखीच्या माणसाबरोबर जावे, चित्रण करण्यापूर्वी विचारावे, आणि उत्सव आपल्या सोयीसाठी भरलेला नाही हे ध्यानात ठेवावे.

पुढच्या वर्षी संवत्सरीनंतर शेठजी मुरबाडहून निघाले ते थेट त्या पाड्यावरच. वर्षभराच्या वीस-वीस मिनिटांनी गुडघा नवा झाला नव्हता. पण देरासराच्या पायऱ्या ते कठड्याला न धरता उतरू लागले होते. वृद्ध अंगणातच भेटला. शेठजींनी हात जोडले आणि 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. त्या शब्दांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. शेठजींनी तो मराठीत सांगितला, आणि वडिलांच्या वतीनेही सांगितला. वृद्ध थोडा वेळ काही बोलला नाही. मग ढोल वाजू लागला तसा त्याने हात पुढे केला.

शेठजी रांगेच्या टोकाला उभे राहिले. उजवीकडे वृद्ध होता, डावीकडे कोणी नव्हते, आणि धरावयास मेढही नव्हती. त्यांनी खाली पाहिले नाही. आधी गाणे ऐकले, मग पाऊल उचलले.